दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कासवाला जंत होतात? मग हे तपासा

घरच्या टाकीतल्या कासवाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंत दिसतात. कुणीतरी औषध सांगतं, ते दिलं जातं, उन्हाळ्यापर्यंत सगळं ठीक चालतं आणि पुढचा पावसाळा सरला की पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार मी पुण्यात बऱ्याच घरांत जाऊन निस्तरली आहे. तपासण्याचा क्रम आता हातात बसला आहे, तो इथे लिहिते.

हे सगळं दुकानात मिळणाऱ्या लाल कानाच्या कासवाबद्दल, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरबद्दल आहे. तुमच्याकडचं कासव विहिरीतून, शेततळ्यातून किंवा रस्त्यावरून उचलून आणलेलं असेल, पाठीवर चांदण्या असतील किंवा कवच मऊ असेल, तर पुढचं काहीच करू नका. आपल्याकडची बहुतेक देशी कासवं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. डॉक्टरांनी दिलेलं औषध बहुतेक वेळा त्याचं काम करतं. पण पावसाळ्यात आपण टाकीत जे आणून सोडतो, त्यातून जंत नव्याने येतात. ती वाट सापडेपर्यंत दर वर्षी औषध देत राहावं लागेल आणि प्रत्येक डोस कासवाच्या अंगावर पडत राहील.

लक्षणं

- शी मध्ये किंवा टाकीच्या तळाशी पांढरे, गुलाबी धाग्यासारखे काहीतरी
- खाणं चालू, तरी वजन वाढत नाही किंवा उतरतं. मागच्या मांड्यांच्या खोबणीत कातडी सैल लोंबते
- शी पातळ, चिकट, फार घाण वासाची, किंवा तीत न पचलेले तुकडे
- खाल्लेलं पुन्हा बाहेर काढणं
- दिवसभर एकाच जागी पडून राहणं, माणूस जवळ आला तरी पाण्यात उडी न मारणं
- गुदद्वाराशी जोर करणं

यातलं पहिलं लक्षण पाहून लोक घाबरतात आणि तेच सगळ्यात फसवं आहे. बाकीच्या प्रत्येकाला जंतांखेरीज दुसरंही कारण असू शकतं. म्हणून पुढचा क्रम सोडू नका.

हे पावसाळ्यानंतरच का होतं

अंड्यातून बाहेर येणाऱ्या कासवाच्या पिल्लाच्या पोटात जंत नसतात. कुत्र्याच्या पिल्लाला जसे आईकडूनच मिळतात, तसा प्रकार इथे नाही. जे येतं ते पाण्यातून, खाण्यातून किंवा दुसऱ्या कासवाच्या शी मधून येतं.

काही जंत सरळ मार्गाने पसरतात. त्यांची अंडी शी मधून पाण्यात पडतात आणि कासव त्याच पाण्यात खातं, पितं. गोलकृमींमध्ये, म्हणजे दोऱ्यासारख्या गोल जंतांमध्ये, असे काही आहेत. टाकी लहान आणि पाणी बदलायचा कंटाळा असेल, तर एकच कासव स्वतःलाच पुन्हा पुन्हा लागण करत राहतं.

कासवाचे बरेच जंत मात्र आडवळणाने येतात, त्यांना मध्ये एक वाहक लागतो. नारू आठवतो का पाहा. तुम्हाला नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, विशेषतः पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलेल्यांना. नारूचा जंत माणसाच्या पोटात जायचा तो पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या बारीक जिवाच्या आत बसून. म्हणूनच पाणी फडक्याने गाळून प्या असं गावोगाव सांगत होते. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ सालचा आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. कासवाच्या आतड्यात राहणारे कॅमॅलॅनस गटातले गोलकृमी आणि पोटात राहणारा स्पायरॉक्सिस हेही अशाच सायक्लोप्सच्या जातकुळीतल्या जिवांमधून येतात. त्या जिवाला मासा, बेडकाचं पिल्लू किंवा चतुराची अळी गिळते, आणि त्या मासे-अळ्यांना कासव गिळतं.

काटेरी डोक्याचे जंत, ज्यांना अॅकॅन्थोसेफला म्हणतात, तेही स्लायडरमध्ये आढळतात. त्यांची अंडी ऑस्ट्रॅकॉड नावाचे शिंपल्यासारख्या दोन झडपांचे मोहरीहून बारीक जीव खातात, आणि ते जीव पाण्यातल्या गोगलगाईंच्या पोटात जातात. कासव गोगलगाय आवडीने फोडून खातं. रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींना तर गोगलगाय लागतेच. तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या पोहत येतात आणि कासवाच्या कातडीतून आत शिरतात. तिथे कासवाने काही खायचीही गरज नाही.

आता आपला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जूनपासून डबकी भरतात. गप्पी मासे, गोगलगाई, डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती सगळं फुकट आणि हाताशी. मुलं हौसेने आणतात, आपणही कौतुकाने टाकीत सोडतो. जुलै-ऑगस्टात जे पोटात गेलं, ते वाढून अंडी घालायला लागेपर्यंत काही आठवडे जातात. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कोमट असतं, कासव भरपूर खातं, जंतही जोमात असतात. मग नोव्हेंबरात पाणी गार पडतं, कासवाची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती उतरते, आणि तोवर झाकून राहिलेलं सगळं वर येतं. थंड प्रदेशात हिवाळाभर कासवं खातच नाहीत, त्यामुळे तिथलं चक्र वेगळं. आपल्याकडे लागण पावसाळ्यातली आणि तक्रार दिवाळीतली, त्यामुळे दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही.

१. जे दिसतंय तो जंत आहे का?

पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. पांढऱ्या बशीत दोन चमचे स्वच्छ पाणी घ्या, ड्रॉपरने किंवा चमच्याने तो धागा उचलून त्यात ठेवा, उजेडात न्या आणि एक काडी त्याच्याजवळ फिरवा.

धागा अजिबात हलत नाही, टोकं फाटलेली, चपटा आणि अर्धपारदर्शक आहे: ही बहुधा कासवाची गळालेली कातडी आहे, किंवा भाजीचा तंतू. मान आणि पायांवरची कातडी अशा पातळ फिती होऊन सुटते आणि पाण्यात तरंगताना जिवंत वाटते.

लालभडक, खंडं असलेली, इंग्रजी आठाच्या आकारात वळवळणारी: ही डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी. मासे पाळणारे तिला ब्लडवर्म म्हणतात. ती कासवाच्या पोटातून आलेली नाही, वर जाळी नसलेल्या टाकीत माशीने अंडी घातली आहेत.

केसासारखे बारीक, पांढरे, काचेवर किंवा खड्यांत नागमोडी वळवळणारे आणि संख्येने खूप: हे गाळ खाणारे जंत. कासवाच्या शी वर आणि उरलेल्या अन्नावर जगतात. त्यांचा अर्थ एवढाच, की टाकीत घाण साचली आहे.

चपटं, बाणाच्या टोकासारखं डोकं, काचेवरून सरकत जाणारं: प्लॅनेरिया. तोही परजीवी नाही.

मी ज्या घरांत गेले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच मिटली. कोथरूडच्या एका काकूंनी औषधाची बाटली आणूनही ठेवली होती. बशीत घातलेला धागा कातडीची फीत निघाली आणि बाटली तशीच परत गेली. ही तपासणी सगळ्यात आधी ठेवण्याचं कारण हेच: जंत नसलेल्या कासवाला जंताचं औषध देणं निरुपद्रवी नाही.

खरा गोलकृमी बहुधा ताज्या शी च्या आतच सापडतो. गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता, पांढरा किंवा गुलाबीसर, अंगावर खंडं नाहीत. असा दिसला तर मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा, आणि तो जंत फेकू नका. छोट्या डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्या.

२. पाणी किती गार आहे?

टाकीत बुडवायचा साधा थर्मामीटर मासेवाल्याच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. सकाळी सहा-सातला मोजा, दुपारी नव्हे. मोठ्या स्लायडरला पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस लागतं, पिल्लांना २६ ते २८, आणि ऊन खायच्या कोरड्या जागेवर ३० ते ३२. पुण्यात, नाशकात, विदर्भात थंडीच्या पहाटे बाल्कनीतली टाकी याच्या कितीतरी खाली जाते.

वीस अंशांच्या खाली कासवाची भूक मंदावते, खाल्लेलं पोटात नुसतं पडून राहतं, न पचलेले तुकडे बाहेर येतात, कधी उलटतं. वरच्या यादीतली निम्मी लक्षणं झाली! त्यामुळे थंडीतल्या सुस्त कासवाला जंत आहेत असं ठरवण्याआधी पाणी हळूहळू, दिवसाला दोन-तीन अंश असं चढवा आणि आठवडाभर पाहा. नुसत्या एवढ्याने खायला लागलं तर तो जंतांचा प्रश्न नव्हताच.

जंत असतील तरीही ही पायरी वाया जात नाही. गार कासवाला तोंडाने औषध दिलं तर तेही पोटात पडून राहतं. चांगला डॉक्टर आधी ऊब द्यायला सांगतो आणि मग औषधाचं बोलतो.

हीटर लावत असाल तर प्लास्टिकच्या जाळीचा किंवा न फुटणारा घ्या. मोठं कासव काचेचा हीटर कवचाने फोडतं. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करा, प्रत्येक वेळी.

३. वजन आणि डोळे

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, त्यावर ठेवायचा डबा मात्र कासवाचाच वेगळा असू द्या. दर महिन्याला एकदा, खाणं देण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. जूनपासूनचे आकडे हाताशी असतील तर डिसेंबरात अंदाज लावावा लागत नाही. मी एक नियम पाळते: आधीच्या वजनाच्या दहा टक्के उतरलं की घरचे प्रयोग बंद, डॉक्टर.

याच वेळी डोळे पाहा. पापण्या सुजलेल्या, डोळे मिटलेले असतील तर ते बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण आहे. वर्षानुवर्षं नुसती वाळलेली कोळंबी खाऊन वाढलेल्या कासवांत ते हमखास दिसतं. असं कासव खात नाही, कारण त्याला समोरचं दिसत नाही. लोक त्याला जंत समजतात. अ जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने पाजू नका, जास्त झालं तर त्याचाही अपाय होतो. आहारात चांगल्या प्रतीच्या गोळ्या, लाल भोपळा आणि गाजर आणा आणि डोळे डॉक्टरांना दाखवा.

मादी असेल, वयात आली असेल आणि अचानक खाणं सोडून टाकीच्या भिंतींवर अस्वस्थपणे पाय घासत असेल, तर अंडी अडकल्याची शक्यता आहे. नर जवळ नसला तरी मादी अंडी धरते. तिथे जंताचं औषध देत बसणं म्हणजे मौल्यवान दिवस घालवणं.

४. जूनपासून टाकीत काय काय आलं?

ही पायरी लोकांना बिनमहत्त्वाची वाटते. माझ्या मते अख्ख्या लिखाणात हीच सगळ्यात मोलाची आहे. घरातल्या सगळ्यांना, मुलांना तर नक्कीच, एकत्र बसवा आणि न रागावता विचारा. रागावलात तर खरं कळणार नाही.

गप्पी मासे कुठून आले? डास कमी व्हावेत म्हणून महापालिका आणि आरोग्य केंद्रं गप्पी वाटतात, आणि मुलं ते नाल्यातून, हौदातून पकडून आणतात. मासे एका बरणीत ठेवून मागून उजेड धरा. एखाद्याच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखी टोकं बाहेर आलेली दिसली तर तो कॅमॅलॅनस आहे. माशांतली ती जात कासवातल्या जातीहून वेगळी असते. पण ज्या पाण्यात माशाला तो मिळाला, तिथे बाकीचे वाहकही आहेत हे त्यावरून कळतं. असे मासे कासवाला नकोत.

पाणवनस्पती कुठून आल्या? तळ्यातून आणलेल्या हायड्रिलाच्या एका जुडीत गोगलगाईंची जेलीसारखी अंडी, सायक्लोप्स, ऑस्ट्रॅकॉड आणि एखादी जळू सगळं येऊ शकतं. खात्री करायची असेल तर ती जुडी रात्रभर बादलीत ठेवा. सकाळी वरचं पाणी काचेच्या पेल्यात घ्या, खोलीत अंधार करा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. पाण्यात झटके देत, थांबत-थांबत उडणारे फिकट ठिपके दिसतील, जेमतेम मिलिमीटरभर. नीट पाहिलं तर त्यातल्या काहींच्या शेपटीशी दोन बाजूंना दोन बारीक पोटल्या असतात. त्या सायक्लोप्सच्या माद्या, आणि त्या पोटल्यांत अंडी. मुलांना हे एकदा दाखवा. तळ्यातलं काही टाकीत टाकू नका असं पुन्हा सांगावं लागत नाही.

गोगलगाई टाकीत आपोआप झाल्या असं लोक म्हणतात. आपोआप काही होत नाही, त्या वनस्पतींवरून आल्या. त्या सगळ्या काढा. काचेच्या कोपऱ्यांतली आणि फिल्टरच्या आतली अंडीही.

पाणी कुठलं? पावसाळ्यात टंचाई नसते, तरी काही घरांत विहिरीचं किंवा गच्चीवर उघड्यावर साठवलेलं पाणी टाकीत जातं. नळाचं पाणी घ्या, क्लोरीन जाण्यासाठी दिवसभर उघडं ठेवा, वर जाळी किंवा फडकं बांधा.

नवं कासव आलं का? दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणारे शेजारी आपलं कासव ठेवायला देतात आणि ते सरळ आपल्या टाकीत जातं. नव्या किंवा पाहुण्या कासवाला स्वतंत्र टब, स्वतंत्र जाळी, आणि शी तपासून होईपर्यंत एकत्र नाही. निदान दोन-तीन महिने वेगळं ठेवावं.

जिवंत खाणं द्यायचंच असेल तर घरी वाढवलेले मासे द्या. नाहीतर बाजारातला मासा उणे वीस अंशाला आठवडाभर गोठवून मग द्या, त्याने बहुतेक परजीवी मरतात. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा दर वेळी तितका गार नसतो, तिथे थर्मामीटर ठेवून पाहा. गोठवलेला मासा हा रोजचा आहार मात्र नव्हे.

५. शी ची तपासणी

इथे थोडा खर्च येतो आणि इथेच उत्तर मिळतं. कासवं पाहणारा पशुवैद्य जवळ नसेल तरी सूक्ष्मदर्शक असलेला पशुवैद्य बहुतेक जिल्ह्यांत सापडतो, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडी पाहणं हे त्याचं रोजचं काम. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याजवळ शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे परजीवीशास्त्राचे विभाग आहेत. आधी फोन करून नमुना घेतात का ते विचारा.

नमुना टाकीतून गोळा करू नका. टाकीतल्या शी मध्ये गाळातले जंत शिरतात आणि तपासणारा गोंधळतो. कासवाला चांगलं खाऊ घाला, नंतर धुतलेल्या टबात कवच बुडेल इतक्या कोमट पाण्यात ठेवा. शी झाली की लगेच ड्रॉपरने उचला, झाकणाच्या डबीत घाला, वर तारीख, वेळ आणि गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते लिहा. त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डबी पिशवीत बांधून. बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही, गोठल्यावर अंडी फुटतात.

काय खाल्लं ते लिहायचं कारण: कासवाने जंत असलेला मासा खाल्ला असेल तर माशाच्या जंतांची अंडी तशीच पुढे शी मधून बाहेर येतात. कासव आजारी नसतं, अहवाल मात्र घाबरवतो.

डॉक्टरांना विचारा की अंडी तरंगवून पाहिली की तळाशी बसवून. गोलकृमींची अंडी मिठाच्या दाट द्रावणात वर येतात. रक्तवाहिन्यांतल्या चपट्या कृमींची अंडी जड असतात, ती तळाशी शोधावी लागतात. नुसती तरंगवून पाहिली तर ती सुटतात.

वेळेचंही भान ठेवा. जुलैत लागण झाली आणि ऑगस्टात तपासलं तर जंत अजून वयातच आलेले नसतील, अहवाल कोरा येईल. तो कोरा अहवाल पाहून निर्धास्त झालेली घरं मी पाहिली आहेत. मला विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यावर एक आणि काही दिवसांच्या अंतराने आणखी दोन नमुने द्यावेत. जंत रोज सारखी अंडी घालत नाहीत.

आणि अहवालात चार-दोन अंडी आली, कासव ठणठणीत खातंय, वजन चढतंय, तर औषध लागेलच असं नाही. थोडे जंत बाळगून निरोगी राहणारी कासवं भरपूर आहेत. औषध द्यायचं की नाही हे अंडी, वजन आणि कासवाची तब्येत तिन्ही पाहून डॉक्टर ठरवतात.

६. टाकी रिकामी करणं

एका रविवारचं काम आहे. अहवालात अंडी आली असतील तर औषधाच्या बरोबरीने हे करावंच लागतं. अंडी टाकीत राहिली तर औषध संपलं की पुन्हा तेच.

कासव टबात. खडे असतील तर उकळा किंवा कायमचे काढून टाका. नुसता काचेचा तळ रोज साफ होतो, म्हणून मी खडे सुचवत नाही. फिल्टरचा स्पंज बदला. काचेवर उकळतं पाणी एकदम ओतू नका, तडा जातो. आधी कोमट, मग गरम, मग चटका बसेल इतकं, असं चढवत न्या आणि कोपरे ब्रशने घासा. ब्लीचवर विसंबू नका, काही गोलकृमींच्या अंड्यांचं कवच त्याला दाद देत नाही. उष्णता आणि कडक ऊन हीच खरी औषधं. टाकी दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवा. ऑक्टोबरचं ऊन यासाठी सोन्यासारखं आहे, पावसाळ्यात हे जमत नाही.

नवा स्पंज घातल्यावर पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू पुन्हा जमायला काही आठवडे लागतात. तोवर दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला, नाहीतर अमोनियाने डोळे आणि कातडी भाजते.

घाण पाणी संडासात ओता. नाल्यात, तळ्यात नाही, आपल्या टाकीतले जंत तिथल्या देशी कासवांना द्यायचे नाहीत. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येही नाही. स्लायडरच्या शी मध्ये साल्मोनेला हा माणसांना जुलाब-तापाने आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. साबणाने हात धुवा आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हे काम देऊ नका.

७. औषध, आणि इथे तुमचं काम थांबतं

औषध डॉक्टरांनी, वजन करून, जंताचा प्रकार पाहून द्यायचं. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. कारण नीट वाचा.

आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. शेळ्या, गाई, कुत्रे, घोडे यांना जे सर्रास दिलं जातं, ते कासवाच्या मेंदूपर्यंत पोचतं, पाय लुळे पडतात, श्वास थांबतो. अगदी थोड्या मात्रेतही. आणि ते आपल्या घरात नकळत असू शकतं: माणसांसाठी मिळणाऱ्या जंताच्या काही गोळ्यांत अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिनही असतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, घरोघरी जंतांचा विषय निघतो, आणि कुणाला तरी वाटतं की कासवालाही पाव गोळी द्यावी. देऊ नका. शाळेत मिळते ती नुसत्या अल्बेंडाझोलची असते, तीही अंदाजाने नको. या गटातल्या औषधांचा डोस वाढला की अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात.

गोलकृमींसाठी डॉक्टर बहुधा फेनबेंडाझोल निवडतात, चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल. काटेरी डोक्याचे जंत आतड्याच्या भिंतीत रुतून बसतात आणि नेहमीच्या औषधांना सहज दाद देत नाहीत. एकच बाटली सगळ्यांना चालत नाही, म्हणून पाचवी पायरी. मी मात्रा मुद्दाम लिहीत नाही. दोनशे ग्रॅमच्या कासवात थेंबाचा फरकसुद्धा मोठा असतो, आणि कवचाचं वजन धरून मोजायचं असतं हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पुढचं काही दिसलं तर वरच्या सगळ्या पायऱ्या सोडा आणि त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठा:

- पोहताना एका बाजूला कलंडणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास. हा न्यूमोनिया असू शकतो.
- गुदद्वारातून लाल मांस बाहेर आलेलं आणि आत न जाणारं. कासव ओल्या, स्वच्छ फडक्यावर एकटं ठेवा, ते मांस सुकू देऊ नका, आत ढकलू नका. नर कधीकधी काळसर-जांभळं इंद्रिय बाहेर काढतो आणि थोड्या वेळात आत घेतो. ते आजारपण नव्हे.
- शी मध्ये रक्त
- उबेत ठेवूनही आठवडाभर काही न खाणं, पिल्लू असेल तर दोन-तीन दिवस
- पाय ओढणं, मान टाकणं, विशेषतः कुणी काही औषध दिल्यावर. त्या औषधाचं वेष्टन बरोबर न्या आणि कुणी दिलं ते न लपवता सांगा.

कासव नेताना पाण्यात नेऊ नका. हवेशीर डब्यात ओलं फडकं, त्यावर कासव, डबा टॉवेलात गुंडाळलेला. बरोबर वजनाची वही, टाकीच्या तापमानाचे आकडे, जंताचा फोटो आणि पहाटेचं नाही तर निदान आदल्या दिवशीचं शी चं सॅम्पल. एवढं असेल तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो आणि तुमचा एक हेलपाटा.

औषधाचा शेवटचा डोस झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा शी तपासून घ्या. अहवाल कोरा आला तर पुढच्या जूनपर्यंत काही करायचं नाही. अंडी पुन्हा दिसली तर डोस वाढवून मागण्याआधी चौथ्या पायरीवर परत जा आणि मुलांना पुन्हा एकदा, प्रेमानेच, विचारा.